सजीव खडकावरील बिनबोलावलेले पाहुणे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रंगीबेरंगी मासे प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेतात. परंतु त्या पाण्याचे आरोग्य बहुतांशी तळाशी रचलेल्या ओबडधोबड दगडांवर अवलंबून असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. मृत प्रवाळांच्या चुनखडीमय सांगाड्यांपासून बनलेल्या या सच्छिद्र दगडांस ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे सजीव खडक असे म्हणतात. दगड स्वतः अर्थातच निर्जीव असतो. त्याच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत वस्ती करणाऱ्या असंख्य जीवांमुळे त्यास हे नाव प्राप्त झाले आहे. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे येथील जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खोलवरच्या छिद्रांत प्राणवायू कमी असतो. तेथील जिवाणू नायट्रेटपासून नत्रवायू मुक्त करतात.

जिवाणूंबरोबर इतरही अनेक प्राणी दगडाच्या आश्रयाने मत्स्यालयात येऊन पोहोचतात. रात्री दिवा मालवल्यानंतर एखादा लांब कृमी बिळातून डोकावतो किंवा काचेवर अनोळखी गोगलगाय दिसते. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका संभवतात. दिसेल तो प्राणी मारून टाकणे ही पहिली आणि कशाकडेच लक्ष न देणे ही दुसरी. दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे ओळखीचा अभाव.

आधी निरीक्षण, मग निर्णय

यातील बहुतेक प्राणी निशाचर असल्यामुळे निरीक्षण रात्री आणि शक्यतो मंद तांबड्या प्रकाशात करावे. चार प्रश्नांची उत्तरे वहीत नोंदवावीत. प्राणी स्थिर आहे की फिरता? शरीर मऊ आहे, वलयांचे आहे की कवचाचे? पाय, भुजा किंवा संस्पर्शक किती व कसे आहेत? आणि तो प्रत्यक्ष काय खाताना दिसला? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. मेलेल्या माशावर कृमी आढळला म्हणजे त्यानेच माशाला मारले असे सिद्ध होत नाही. तो मृत अवशेषांची विल्हेवाट लावण्यास आलेला असू शकतो. शंका असल्यास प्राणी वेगळ्या पात्रात ठेवून त्याचे वर्तन पाहावे.

उपकारक पाहुणे

बाजूंना ताठ रोमांचे झुबके असलेले वलयी कृमी पाहून नवशिके घाबरतात. वास्तविक त्यांतील बहुसंख्य जाती उरलेसुरले अन्न खाणाऱ्या सफाई कामगार आहेत. त्यांचे रोम त्वचेत रुतून दाह होतो, म्हणून त्यांस उघड्या हाताने स्पर्श करू नये, एवढेच पथ्य पुरे. विषारी औषधाने ते सर्व एकदम मारल्यास मृत शरीरे कुजून अमोनिया वाढतो आणि ज्या माशांच्या रक्षणासाठी हा उपाय केला, त्यांच्यावरच संकट ओढवते. फटीतून सापासारख्या वळवळणाऱ्या बारीक भुजा बाहेर काढणारा भंगुरतारा, आठ पट्ट्यांचे कवच पाठीवर वागवणारा कायटन आणि काचेवर टिंबांप्रमाणे दिसणारे सूक्ष्म कवचधारी प्राणी हेही सामान्यतः निरुपद्रवी असून त्यांतील काही माशांचे उत्तम खाद्य ठरतात.

संशयित पाहुणे

काही प्राण्यांविषयी सावधपणे निर्णय घ्यावा लागतो. मत्स्यालयातून ‘टक् टक्’ असा आवाज आल्यास दोन प्राण्यांवर संशय जातो. एक नांगी दुसरीहून खूप मोठी असेल तर ती पिस्तूल कोळंबी होय. तिच्यापासून माशांना सहसा धोका नसतो. देठावरचे डोळे स्वतंत्रपणे फिरत असतील आणि पुढचे अवयव शरीराखाली दुमडलेले असतील तर ती मॅन्टिस कोळंबी. तिच्या मोरपंखी रंगाच्या जातीचा प्रहार सेकंदाला २० मीटरहून अधिक वेगाचा असल्याचे मोजमापांतून दिसून आले आहे. ती खेकडे, गोगलगायी व मासे मारते. म्हणून तिला वेगळे ठेवणेच योग्य.

खेकड्याच्या बाबतीत नांग्यांची टोके पाहावीत. ती चमच्याप्रमाणे बोथट असल्यास खेकडा बहुधा शेवाळ खाणारा असतो. अणकुचीदार असल्यास मांसाहारी असण्याचा संभव अधिक. शंखधारी गोगलगायीच्या शंखाचे तोंड गोल व अखंड असल्यास ती बहुधा शाकाहारी, तर तोंडाच्या टोकाशी पन्हळीसारखी खाच असल्यास बहुधा मांसाहारी समजावी. हे नियम ढोबळ असून त्यांना अपवाद आहेत. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख मात्र कधीही हातात घेऊ नये. या गटातील काही जातींचा दंश माणसासही प्राणघातक ठरतो.

उपद्रवी पाहुणे

ऐप्टेशिया हे तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब संस्पर्शकांचे लहानसे समुद्रपुष्प दिसण्यास सुंदर, पण शेजारच्या प्रवाळांना डंख करणारे आहे. ते खरवडून काढण्याचा प्रयत्न केल्यास दगडावर राहिलेल्या तुकड्यांपासून नवी समुद्रपुष्पे तयार होतात. त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडणे हा अधिक समंजस उपाय होय.

ब्रिटनमधील न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळांना इजा होत होती, पण कारण सापडेना. २००९ साली मांडणीतील खडक एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे ४ फूट लांबीचा, बळकट जबड्यांचा समुद्री कृमी हाती लागला. तो लहान असताना खडकाबरोबरच आत आला असावा.

सर्वांत गंभीर इशारा झोअँथिड या गटाविषयी आहे. शर्टाच्या गुंड्या एकमेकींस चिकटून बसवाव्यात तसे हे प्राणी दिसतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असा खडक स्वच्छ करण्यासाठी उकळल्यास विष वाफेबरोबर श्वासात जाते आणि घरातील माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागते. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून सजीव खडक कधीही उकळू नये व हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासू नये.

खडक आणि समुद्र

हे दगड समुद्रातून उचलल्याने प्रवाळभित्तींची हानी होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८९ साली आपल्या जलक्षेत्रात ते काढण्यास बंदी केली. तेथे आता खाणीतील चुनखडी समुद्रतळाशी ठेवून तिच्यावर जीवसृष्टी वाढू दिली जाते. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली २००१ पासून संरक्षण आहे. त्यामुळे आपल्या समुद्रातून प्रवाळखडक काढणे हा छंद नसून गुन्हा ठरतो.

नको असलेला पाहुणा समुद्रात सोडून देणे हाही उपाय नव्हे. १९८४ साली मोनॅको येथील सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा या मत्स्यालयीन शेवाळाचा सुमारे १ चौरस मीटरचा पट्टा आढळला. त्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या हजारो हेक्टर तळावर पसरले. तेच शेवाळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २००० साली ओळखले गेले, तत्काळ उपाययोजना झाली आणि २००६ साली त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. वेळेवर झालेल्या ओळखीचे मोल याहून वेगळे काय सांगावे? मत्स्यालयाचे पाणी वा खडक खाडीत टाकू नयेत. दगड उन्हात पूर्ण वाळवावा.

आपल्या किनाऱ्यावरील पाठ

ही विद्या शिकण्यासाठी मत्स्यालयच हवे असे नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या डबक्यांत कालवे, खेकडे, समुद्रपुष्पे, कायटन, भंगुरतारे, वलयी कृमी आणि झोअँथिडही पाहावयास मिळतात. किनारी गावांतील शिक्षकांनी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून विद्यार्थ्यांना तेथे न्यावे आणि वर दिलेल्या चार प्रश्नांची उत्तरे नोंदवून घ्यावीत. प्राण्यांस स्पर्श करू नये, काही घरी आणू नये आणि पाहण्यासाठी दगड उलटलाच तर तो पुन्हा होता तसाच ठेवावा. कारण त्याच्या खालच्या बाजूस सावलीत व ओलाव्यात राहणारे जीव उन्हात काही वेळातच मरतात. ग्रामपंचायतींनी अशा नोंदवह्या दरवर्षी जपून ठेवल्यास आपल्या किनाऱ्यावर काय होते, काय नाहीसे झाले आणि नवे काय आले, याचा पुरावा गावाच्याच हाती राहील.

दगड उलटा करून पाहणे सोपे आहे. त्याखाली कोण राहते हे जाणून घेऊन तो पूर्ववत ठेवण्यास मात्र शिक्षण लागते.