वर्गातील उबवणी: एकविसाव्या दिवसानंतरचा हिशेब

वर्गात कोंबडीची अंडी उबवण्याचा प्रयोग एकवीस दिवसांचा समजला जातो. प्रत्यक्षात तो किमान दहा आठवड्यांचा असतो. तीन आठवडे अंड्यांचे, पिसे येऊन दिव्याची ऊब सुटेपर्यंतचे साधारण सहा आठवडे पिल्लांचे, आणि निदान एक आठवडा पिल्लांसाठी घरे ठरवण्याचा. हा घरे ठरवण्याचा आठवडा सगळ्यांत आधी यायला हवा, आणि नेमका तोच विसरला जातो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या नाकाडोंगरी परिसरातील एका वर्गात तो असाच विसरला गेला. प्रस्तुत लेखकाचा त्या प्रयोगात सहभाग होता. बारा अंडी यंत्रात ठेवली, पाच पिल्ले निघाली आणि दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा एक उरले होते. खालच्या बहुतेक सूचना त्या गेलेल्या अकरांपैकी कुणा ना कुणामुळे लिहाव्या लागल्या आहेत.

पहिली गोष्ट दिनदर्शिकेची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पुढे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि पोळा, गणपती, दसरा, दिवाळी अशा सुट्ट्या लागोपाठ येतात. एप्रिल-मे तर वर्ज्यच, कारण खोलीच यंत्राहून तापली तर उबवणी यंत्र अंडी थंड करू शकत नाही. संक्रांतीनंतर सुरू केलेली उबवणी फेब्रुवारीच्या आरंभी पिल्ले देते आणि मार्चमध्ये ती दिव्याविना राहू लागतात. अंडी मंगळवारी ठेवणे सोयीचे. अठरावा दिवस शनिवारी येतो, सकाळच्या शाळेत अंडी फिरवणे थांबवता येते आणि पिल्ले सोमवार ते बुधवार या दिवसांत, माणसे हजर असताना, बाहेर पडतात. अंडी फिरवण्याच्या काळातले दोन रविवार मात्र उरतात. त्या दिवशी कोण येणार आणि खोलीची किल्ली कुणाकडे, हे नावानिशी ठरलेले हवे.

अंडी किराणा दुकानातली चालत नाहीत. कोंबडा नसलेल्या फार्मवरची ती अंडी फलित नसतात. पशुसंवर्धन विभागाचे अंडी उबवणी केंद्र किंवा कोंबडे-कोंबड्या एकत्र पाळणारे गावातले घर, हे खरे मार्ग. नाकाडोंगरीसारख्या जंगलालगतच्या गावात मुले टिटवीची किंवा मोराची अंडी आणून देण्याची शक्यता असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार वन्यपक्ष्यांची अंडी उचलणे शिकारीतच मोडते, म्हणून ही गोष्ट पहिल्याच तासाला मुलांना सांगावी.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. आर्द्रता अठरा दिवस सुमारे 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के हवी. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावीत. इतके कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. ज्यावर जीव अवलंबून असतो ते दुसरेच: यंत्र कुठे ठेवले आहे. वीज गेली तर बंद झाकणावर गोधडी टाकून अंडी काही तास तग धरतात. थंडी गर्भाला मंदावते, पण उष्णता मारते. वर उल्लेखिलेल्या वर्गात यंत्र पश्चिमेच्या खिडकीखाली होते. रविवारी दुपारी ऊन थेट त्यावर आले आणि खोलीला कुलूप होते. सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर धरून पाहिले तेव्हा बारापैकी दोन अंडी वांझ होती आणि दहांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते. चौदाव्या दिवशी त्यांतली चार निश्चल निघाली. यंत्र आतल्या भिंतीला, खिडकीपासून दूर असावे, आणि अंडी ठेवण्याआधी ते दोन दिवस रिकामे चालवून दर तासाला तापमान टिपावे.

कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत एक दिवसही लागू शकतो. हा काळ मुलांना फार कठीण जातो आणि शिक्षकांनाही. झाकण उघडले की आर्द्रता घसरते, आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. सहांपैकी एक असेच अर्ध्यावर अडकून मेले, कारण साऱ्या वर्गाला जवळून पाहायचे होते. कवच हाताने सोलून मदत करू नये, रक्तस्राव होतो. घाईचे कारणही नसते: पोटात घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस अन्नपाण्याशिवाय राहते. काही अंडी फुटणार नाहीत, काही पिल्ले जगणार नाहीत, हे मुलांना प्रयोग सुरू होण्यापूर्वीच सरळ शब्दांत सांगितलेले असावे.

पिल्लांच्या पेटीत पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला सरकून धापा टाकू लागली तर ऊन होते आहे. खाली धानाचे तूस आणि पहिले काही दिवस त्यावर गोणपाट घालावे. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. भंडाऱ्यात कनकी, म्हणजे तांदळाची कणी, घरोघरी असते, पण नुसत्या कनकीवर वाढ होत नाही, पिल्लांचे खास खाद्य लागते. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे ठेवावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे, पिल्लाचा मुका घेणे बंद, आणि पेटी पोषण आहाराच्या जागेपासून लांब. अंगणवाडीतल्या लहानग्यांनी फक्त पाहावे.

राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा गावातल्या कोंबड्यांचा मोठा वैरी. त्याची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकून देतात. पण कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की थोड्याच वेळात संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी ती कुणी फोडत नाही. तेव्हा जवळच्या कुक्कुटपालकाच्या लसीकरणाचा दिवस विचारून उबवणीची तारीख त्याला जुळवावी. बर्ड फ्लूची बातमी असेल तर प्रयोग पुढे ढकलावा. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. अलीकडे, जानेवारी 2025 मध्ये, नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मेल्याचे उघड झाले. हे भंडाऱ्यापासून दूर नाही.

पिल्ले कुठे जाणार, हा प्रश्न मग उरतो. त्या वर्गातली पिल्ले सुट्टी लागताच, दहा दिवसांची असताना, मुलांच्या घरी वाटली गेली. दोन रात्रीच्या गारठ्याने गेली, एक मांजराने नेले, एक मानमोडी आलेल्या खुराड्यात सोडले गेले. ज्या मुलीच्या घरी ते होते तिने त्याची वाकडी झालेली मान पाहिली, आणि सुट्टीनंतर ती पेटीजवळ फिरकली नाही. दोष मुलांच्या घरांचा नव्हता, त्यांना कुणी काही विचारलेच नव्हते. दिव्याची सोय, झाकणाचे खुराडे आणि लस या तिन्हींची खात्री देणाऱ्या घराचा होकार अंडी आणण्याआधी घ्यावा. सर्व पिल्ले एकाच घरी गेलेली बरी, एकट्या पिल्लाला ऊबही नसते आणि सोबतही. शिवाय त्यांत जवळपास निम्मे कोंबडे निघतात. कोंबडा पुढे कापला जाईल का, हेही त्या घराशी आणि मुलांशी आधीच बोलावे. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था शाळांतल्या उबवणीला विरोध करते, त्यामागे नंतरच्या सांभाळाचा प्रश्न हे एक मोठे कारण आहे.

जिथे कोंबड्या शाळेच्या कामाचाच भाग असतात तिथे सांभाळाचा प्रश्न तितका बिकट होत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला. तिथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात शेती-पशुपालन हा स्वतंत्र विभाग आहे. आवारात खुराडे आणि सांभाळणारे हात असले तर पिल्लांना शाळा सोडावी लागत नाही.

तशी सोय नसलेल्या शाळेने यंत्र आणूच नये, असे मत आता ठाम झाले आहे. गावात कुणाची तरी कोंबडी खुडूक होतेच. तणसाच्या टोपलीत तिच्याखाली अंडी बसवली की वर्गाने पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी संध्याकाळी विजेरी घेऊन आणि एकविसाव्या दिवशी जाऊन यावे. अंडी फिरवणे, ओल राखणे, रविवार सांभाळणे आणि पुढचे सहा आठवडे पंखाखाली घेणे ही सारी कामे कोंबडी स्वतः करते, आणि पिल्ले जिथे जन्मली तिथेच राहतात.