भरतीच्या पाण्यावर मुंबईचे कोळीवाडे

मुंबईचा समुद्र बघायचा म्हणजे संध्याकाळी जुहूला जाऊन भेळ खायची, अशी आपली समजूत झाली आहे. पण या शहराच्या काठाला कोळ्यांची जुनी गावे आहेत आणि ती अजून नांदती आहेत. पहाटे ससून डॉकला सुरुवात करून वरळी, वेसावे (वर्सोवा) आणि मढ करत सूर्यास्ताला एरंगळच्या वाळूवर पोहोचता येते. त्यासाठी फक्त दिवस नीट निवडावा लागतो.

दिवस निवडताना आधी कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईत प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास होते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आपल्याला पौर्णिमा, अमावस्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवसाची प्रतिपदा हवी. त्या दिवशी दुपारी वेसाव्याच्या खाडीत पाणी भरलेले मिळते, संध्याकाळी एरंगळला वाळू लांबवर उघडी पडते. शिवाय ते उधाणाचे दिवस. इथली डोल जाळी समुद्रात खांबांना बांधलेली असतात आणि पाण्याच्या ओढीनेच भरतात. उधाणाला ओढ जोरदार असते, म्हणून मासळीही जास्त. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत किनारा त्यामानाने सुस्त दिसतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात ताडून घ्या.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि पावसाळ्यात मढची फेरीबोटही बंद राहते. वार शक्यतो बुधवार किंवा शुक्रवार. मंगळवारी, शनिवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे बाजार थंड असतो. रविवारी रेल्वेचा ब्लॉक दिवसाचे गणित बिघडवतो.

पायात पट्ट्याच्या, रबरी तळाच्या चपला हव्यात. चामड्याचे बूट नकोत, सुटी स्लीपर तर नकोच. टोपी, पाणी, सुटे पैसे आणि घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा घ्या. डब्याचे काम शेवटी आहे.

पहाटे साडेपाचला कुलाब्यात ससून डॉकच्या दारात उभे राहा. १८७५ साली बांधलेली ही गोदी आजही शहराच्या मोठ्या मासळी बंदरांपैकी एक आहे. आत शिरताच बाजूला व्हायला शिका: डोक्यावर पाटी घेतलेली बाई थांबत नाही, थांबणे तिला परवडत नाही. एका कडेला पाय रोवून एकच लिलाव शेवटपर्यंत बघा. फरशीवर मासळीचे वाटे ओतलेले असतात, भोवती बायकांचे कडे. बोली दोन-चार शब्दांत चढते आणि नजरेच्या इशाऱ्यावर संपते. सौदा झाला की बर्फ पडतो आणि वाटा उचलला जातो. पलीकडे बायका बसून कोळंबी सोलत असतात. त्यांत बंजारा बायकाही पुष्कळ. त्यांची बोटे बघा. डोके मोडायचे, साल ओढायचे, सोललेली कोळंबी टोपलीत, पुढची हातात. तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात हात घालून चालणारे हे काम आहे. त्यांचे फोटो न विचारता काढू नका, आणि गोदीत कॅमेरा चालतो का हे दारावरच विचारून घ्या.

साडेसातपर्यंत गर्दी ओसरते. कुलाब्यात चहा-पाव घ्या आणि चर्चगेट गाठा. मेट्रो तीन ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून चर्चगेटहून वरळीला जाणे सोपे झाले आहे. पुढे कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत टॅक्सी करा. रिक्षा माहीमच्या अलीकडे मिळत नाही.

वरळीत आधी गोल्फादेवीच्या देवळात जा. देवीचा कौल घ्यायला लांबून माणसे येतात. मग गल्ल्यांतून टोकावरच्या इंग्रजकालीन किल्ल्याकडे चाला. गल्ली अरुंद आहे, दारे उघडी आहेत, ओट्यावर कुणी जाळे विणत बसले आहे. हे कुणाचे तरी घर आहे, हे लक्षात ठेवून आवाज बेताचा ठेवा. रस्ता चुकलात तर ‘मावशी, किल्ला कुठे?’ एवढे विचारा. किल्ल्यावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. दक्षिणेकडे क्लीव्हलंड बंदरावर मात्र मुद्दाम जा. सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधले अंतर तिथे ६० मीटर ठेवले होते. एवढ्या अंतरातून लाटांत बोट काढणे धोक्याचे आहे, असे वरळीचे कोळी सांगत राहिले, पाण्यात बोटी उभ्या करून काम अडवत राहिले, आणि अखेर ते अंतर १२० मीटर झाले. एक खांब गाळला गेला. ज्यांना कुणी अभियंते म्हणत नाही, त्यांनी केलेली ही दुरुस्ती आहे, आणि मला ती सेतूपेक्षा अधिक बघण्यासारखी वाटते.

दादरला चैत्यभूमीवर नमस्कार करून लोकल पकडा. वांद्र्याचे चिंबई, खारचे दांडा आणि जुहू आज सोडून द्या. सगळे एका दिवसात कोंबले तर सगळीकडे फक्त पाय लागतात.

अंधेरीला उतरून मेट्रो एकने वर्सोवा, आणि तिथून रिक्षाने वेसावे गाव. बारा-साडेबारापर्यंत इथे पोहोचणे महत्त्वाचे. खाडीत गाळ साचल्यामुळे मोठ्या बोटींना आत यायला भरतीचे पाणी लागते, म्हणून याच वेळी बंदर जागे असते. नंतर वाळत घातलेल्या बोंबलांकडे जा. बांबूंच्या वलांडीवर दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. गाठ नाही, आकडा नाही, त्यांचेच दात त्यांना धरून ठेवतात. मासळी जमिनीवर पसरली असेल तिथे चपलेने जाऊ नका, आणि वाळत पडलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका.

जेवण गावातच करा. तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलाचे कालवण, तळलेली मांदेली. ताटाला वेळ लागला तर लागू द्या. मग किनाऱ्यावर जा. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी आठवड्यामागून आठवडे इथला कचरा उचलला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात गेली. कचरा आजही प्रत्येक भरतीबरोबर येतो. पिशवीभर उचलून पुढे जा.

तीनच्या सुमारास वेसाव्याच्या जेट्टीवरून मढची फेरीबोट घ्या. माणसे, पाट्या आणि दुचाक्या एकाच बोटीत चढतात. खाडी काही मिनिटांत पार होते. हाच प्रवास रस्त्याने मालाडला वळसा घालून करावा लागतो. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच बघा. मग रिक्षा किंवा बसने एरंगळ. तिथले सेंट बोनाव्हेंचर चर्च १५७५च्या सुमाराचे, ऐन वाळूच्या काठावर. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे एरंगळची जत्रा भरते आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांबरोबर कोळी, इतर हिंदूही येतात. तो दिवस साधला तर आमचा वाराचा नियम खुशाल मोडा.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर हवे तेवढे चाला, पण पाण्यात शिरू नका. इथून जवळच्या आक्सा किनाऱ्यावर कितीतरी पट्टीचे पोहणारे बुडाले आहेत. तळाची वाळू सरकते, आणि परतीचे पाणी माणसाला आत ओढते.

परतताना वाटेतल्या एखाद्या बाईकडून सुके बोंबील किंवा जवळा घ्या. बोंबील वाकवून बघा: कडक मोडला तर नीट वाळलेला, लवला तर अजून ओल आहे. भाव पाडत बसू नका. पावसाळ्यात बोटी बंद असताना तिचे घर यावरच चालते. जवळा त्या घट्ट डब्यात भरा, नाहीतर मालाडपर्यंतच्या बसमध्ये सगळ्यांना कळेल. अंधार पडल्यावर इथल्या बस उशिरा येतात, म्हणून सातच्या आत थांब्यावर या.