वारंवार निसटणारी गुडघ्याची वाटी : कारणमीमांसा व शस्त्रक्रिया



कमठाणा व भोवतालच्या खेड्यांतून माझ्याकडे येणारे रुग्ण मराठी, कन्नड वा दखनी, कोणतीही भाषा बोलोत, गुडघ्याची एक तक्रार ते सारख्याच शब्दांत मांडतात : "गुडघा दगा देतो." रुग्ण बहुधा किशोरवयीन मुलगी अथवा कबड्डी खेळणारा मुलगा असतो. पाय रोवलेला असताना शरीर वळते, वाटी बाहेरच्या अंगाला निसटते आणि पाय सरळ होताच पुष्कळदा आपोआप जागेवर येते. दवाखाना गाठेपर्यंत उरते ती केवळ सूज. साहजिकच 'लचक' असे निदान होते, चोळणे-शेकणे सुरू होते. मुलगी लग्नाच्या वयाची असेल तर ही गोष्ट घरातच झाकली जाते. इकडे वाटी निसटण्याच्या प्रत्येक प्रसंगी कूर्चेला इजा होत राहते. म्हणून या विकाराचा विचार केवळ अस्थिशल्यविशारदांनी नव्हे, तर रुग्णाला प्रथम पाहणाऱ्या आपण सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

वाटी जागेवर कशी राहते?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असलेल्या खोबणीतून वाटी वर-खाली सरकते. गुडघा साधारण ३० अंश वाकल्यावर ती खोबणीत नीट बसते. त्याआधीच्या टप्प्यात तिला बाहेर जाण्यापासून मुख्यतः आतील बाजूचा एक अस्थिबंध रोखतो. त्यास मेडियल पटेलोफिमोरल लिगामेंट म्हणतात. प्रयोगशाळेतील अभ्यासांनुसार एकूण प्रतिबंधापैकी निम्म्याहून अधिक भार हा एकटा अस्थिबंध वाहतो. वाटी प्रथम निखळते तेव्हा बहुधा तोच फाटतो.

तथापि सर्वांचीच वाटी पुन्हा निसटत नाही. फिथियन व सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात पहिल्या प्रसंगानंतर २ ते ५ वर्षांत १७ टक्के रुग्णांची वाटी पुन्हा निखळली. पूर्वी असा प्रसंग घडलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. म्हणूनच पहिल्या प्रसंगी सहसा आधारपट्टा व व्यायाम हाच उपचार असतो. सांध्यात कूर्चेसह हाडाचा तुकडा सुटला असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. वाटी वारंवार निसटू लागली की शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो.

मोजमाप आधी, शस्त्रक्रिया नंतर

लिऑं येथील आंरी देजूर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या विकारामागील चार मूलभूत दोष मांडले : उथळ खोबणी, वाजवीपेक्षा वर असलेली वाटी, नडगीच्या उंचवट्याचे खोबणीपासून बाहेर गेलेले अंतर आणि वाटीचा कल. हे अंतर सीटी स्कॅनवर २० मिमीपेक्षा अधिक असल्यास ते दोषास्पद मानतात. वाटीची उंची व खोबणीचा आकार साध्या, पण अचूक बाजूच्या एक्स-रेवरही कळतो. एमआरआयने फाटलेला अस्थिबंध व कूर्चेची इजा दिसते. गुडघा सरळ ठेवून वाटी अंगठ्याने हळूच बाहेर ढकलताच रुग्ण दचकून हात धरतो. या तपासणीस तर कोणतेही यंत्र लागत नाही.

शस्त्रक्रियेची निवड

या मोजमापाचे महत्त्व इतिहासाने शिकविले आहे. १९३८ मध्ये हाउझर यांनी वर्णिलेल्या पद्धतीत नडगीचा उंचवटा आत सरकवीत. नडगीच्या त्रिकोणी आकारामुळे तो मागेही जाई, वाटीवरील दाब वाढे आणि कालांतराने सांध्याची झीज होई. वाटी स्थिर झाली, पण गुडघा गेला! पुढे फुल्करसन यांनी १९८३ मध्ये उंचवटा आत व पुढे नेण्याची पद्धत दिली. केवळ बाहेरील बंध सैल करण्याची शस्त्रक्रियाही एकेकाळी फार होई; अस्थिरतेवर ती एकटी पुरेशी नाही हे आता स्पष्ट आहे.

आज मुख्य शस्त्रक्रिया म्हणजे मांडीच्या मागील स्नायूचा कंडरा घेऊन फाटलेल्या अस्थिबंधाची पुनर्रचना. मांडीच्या हाडावर तो कोठे बसवावा याची एक्स-रेवरील खूण शॉटल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविली. जागा चुकली किंवा कंडरा फार ताणून बांधला, तर गुडघा आखडतो व कूर्चेवर दाब येतो. हा बंध लगामासारखा असावा. वाटीला खेचणारा दोर नसावा. उंचवटा फार बाहेर अथवा वाटी फार वर असल्यास जोडीने उंचवट्याचे स्थलांतर करतात. खोबणी अतिशय सदोष असल्यास ती खोल करण्याची अवघड शस्त्रक्रिया निवडक केंद्रांतच व्हावी. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत उंचवटा हलवू नये. वाढीच्या पट्टीस इजा होऊन गुडघा मागे झुकण्याचा धोका असतो.

एक वेगळा प्रकार

काही बालकांत गुडघा वाकविताना प्रत्येक वेळी वाटी बाहेर जाते. अशा वेळी मांडीवर आखडलेला, तंतुमय झालेला स्नायू शोधावा. तान्हेपणी मांडीत वारंवार दिलेल्या औषधी इंजेक्शनांशी याचा संबंध गन यांनी १९६४ मध्येच दाखविला होता. येथे आतील अस्थिबंध घट्ट करून भागत नाही. आखडलेले बंध सोडवून गरजेनुसार चतुःशिरस्क स्नायूची लांबी वाढवावी लागते. यावरून लसीकरणाविषयी मात्र भीती पसरू नये. मांडीतील लसीची अल्प मात्रा सुरक्षित आहे. तोंडाने औषध देता येत असताना इंजेक्शनांचा आग्रह आपण सोडावा, एवढाच याचा बोध.

शस्त्रक्रियेनंतर

व्यायामाशिवाय शस्त्रक्रिया अपुरी आहे. गुडघ्याची हालचाल लवकर सुरू करावी. मांडीचा व कमरेचा स्नायू बळकट होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिने, खेळ व जड शेतकाम टाळावे. बीदर, कलबुर्गी वा हैदराबाद येथे शस्त्रक्रिया करून रुग्ण गावी परततो, तेव्हा टाके काढण्यापासून व्यायामाच्या पाठपुराव्यापर्यंतची जबाबदारी गावच्या डॉक्टरांवरच येते.

सारांश, गुडघा दगा देतो असे सांगणाऱ्या किशोरवयीन रुग्णास एकच प्रश्न आवर्जून विचारावा : "वाटी जागेवरून हलल्यासारखी वाटली का?" उत्तर 'होय' आले, तर वाटीची तपासणी व अचूक एक्स-रे करून त्यास वेळीच पुढे पाठवावे. कूर्चा शाबूत असतानाच योग्य शस्त्रक्रिया झाली, तर त्या गुडघ्यापुढे आयुष्यभराची चाल शिल्लक असते.