आमच्यानंतर त्याचे कोण?
(दिव्यांग मुलामुलींच्या घरचा हिशेब आणि कागदपत्रे)



आपल्या ठाकुरवाडीत आणि आसपासच्या पाड्यांवर अशी काही घरे आहेत, जिथला मुलगा किंवा मुलगी वयाने मोठी झाली, पण जेवण, औषधपाणी आणि पैसाअडका यासाठी आजही आईवडिलांवरच अवलंबून आहे. "मी आहे तोवर ठीक, पुढे काय?" हा त्या आईचा रोजचा प्रश्न असतो. आपण तिला धीर देतो, तिच्यासाठी प्रार्थना करतो. ती करावीच. परंतु काही कामे आईवडिलांच्या हयातीतच, त्यांचे हातपाय चालतात तोवर, कागदावर उतरवून ठेवावी लागतात. त्या कामांचा आज आपण क्रमाने अभ्यास करू या.

१. सर्वांत आधी दाखला

अपंगत्वाच्या दाखल्याशिवाय पुढचे एकही दार उघडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यात बौद्धिक अपंगत्व आहे तसा मानसिक आजारही आहे. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवते. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा "वेड लागलंय, त्याचा कसला दाखला?" असे म्हणून कोणी गप्प बसू नये.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. तपासणीसाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागले तर खोपोली, पेण, अलिबाग असा एसटीचा प्रवास आणि रोजंदारीचा एक खाडा ठरलेला. म्हणून आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो आणि जुने औषधाचे कागद एकाच पिशवीत घालून न्यावेत, म्हणजे दुसरी खेप पडत नाही. वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज करायला सरकारी शुल्क नाही. "काम करून देतो" म्हणून कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नयेत. ओळखपत्र हाती आले की दिव्यांग व्यक्तीला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

२. महिन्याचे अनुदान

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना पूर्वी महिन्याला १,५०० रुपये मिळत. सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० रुपये झाली. अर्जदाराचे वय १८ ते ६५ वर्षे असावे आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे. तलाठ्याकडून चौकशी होते. अर्ज कर्जत किंवा खालापूर तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करायचा.

पैसे आता आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात. खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून राहते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला देण्याचे विसरू नये.

याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

३. कारखान्यात नोकरी असेल तर

खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांत काम करणाऱ्यांचे उत्पन्न ५० हजारांच्या वर असल्याने त्यांना वरील अनुदान मिळत नाही. पण ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर मुलांना साधारणतः २५ वर्षे वयापर्यंत पेन्शन असते. परंतु मुलगा किंवा मुलगी पूर्णपणे आणि कायमची अपंग असेल तर वयाची अट राहत नाही. रेल्वे व सरकारी नोकरीतही कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. मात्र मुलाचे नाव आणि अपंगत्वाचा दाखला नोकरीच्या कागदपत्रांत वडिलांनी स्वतः नोंदवून ठेवावा. मागे राहिलेल्या आईला हे सिद्ध करत कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

४. घरातला हिशेब

२,५०० रुपये घरात आले की तेल-तांदळात मिसळून जातात. त्यात पाप नाही. तोही त्याच ताटात जेवतो. तरी ते पैसे त्याच्या नावाचे आहेत, हे घरातल्या सर्वांनी मनात ठेवावे. त्यातले ५०० रुपये दर महिन्याला पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर दहा वर्षांत व्याज सोडूनच ६० हजार होतात. एका साध्या वहीत तीन रकाने आखावेत: त्याचे औषध, त्याचा प्रवास, त्याची शिल्लक. आई आजारी पडली तर ती वही पाहून दुसरे कोणीही घर सांभाळू शकेल.

कमावत्या माणसाचा विमाही विसरू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. बँकेत एक फॉर्म भरायचा एवढेच.

५. अठरा वर्षांनंतर पालक कोण?

पुष्कळांना ठाऊक नसते, की मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याला पैसे मोजता येत नसले तरी. त्याच्या वतीने बँकेत सही करायला गेल्यावर ही अडचण समोर येते. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील अर्ज करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे लबाडीला आळा बसतो.

मानसिक आजार या चारांत येत नाही. तिथे वेगळा मार्ग आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो.

६. मृत्युपत्र

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान मिळते. (आदिवासी कुटुंबांना रूढीचे वेगळे नियम लागू होऊ शकतात, त्यांनी वकिलाला विचारून घ्यावे.) दिव्यांग मुलालाही वाटा मिळतो, पण तो सांभाळणार कोण, हे कायदा आपोआप ठरवत नाही. म्हणून काहीजण सर्व काही थोरल्याच्या नावावर करून "तू बघ त्याला" असे सांगतात. थोरला चांगला असतो. पण त्याचाही संसार असतो, कर्ज असते, आणि उद्या तोही आधी जाऊ शकतो. दिव्यांग मुलासाठी काय ठेवले आणि ते कोणी कसे खर्च करावे, हे स्पष्ट लिहावे. दोन साक्षीदार हवेत. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे, त्याने वा त्याच्या पत्नीने साक्षीदार होऊ नये. नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते.

या सर्व कागदांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही ठेवाव्यात. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा घरांबरोबर घरातले सारे काही गाडले गेले, हे आपण विसरलेलो नाही.

शेवटी एक गोष्ट. हे काम एकट्या आईचे नाही. आपल्या लहान समूहातला एखादा शिकलेला तरुण तिच्यासोबत तहसीलला गेला, तर तिचा अर्धा भार उतरेल.

समूहात विचार करू या :
१) आपल्या समूहात दाखला नसलेली दिव्यांग व्यक्ती कोणत्या घरी आहे?
२) त्या घरच्यांसोबत अलिबागला किंवा तहसीलला कोण जाईल, आणि कोणत्या दिवशी?
३) आपल्या घरात आपल्यानंतर जबाबदारी कोणाची, हे त्या भावंडाशी आपण स्पष्ट बोललो आहोत का?