ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि वाचकाची भाषा

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या परिसरातील वाळवे तालुका ऊस आणि सहकार यांमुळे सर्वपरिचित आहे. तालुक्याचे ठाणे असलेल्या इस्लामपूरची दुसरी ओळख शिक्षणाची. शहरात महाविद्यालये आहेत, तर जवळच साखराळे येथील राजारामनगरात १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. येथे शिकणारी अनेक मुले-मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. समजा, अशी एखादी विद्यार्थिनी सकाळी थांब्यावर उभी राहून मोबाईलवर पाहते की, परीक्षा अर्जासाठी लागणारा ग्रंथालयाचा दाखला आज मिळेल का? संकेतस्थळावर उत्तर न मिळाल्यास तिचा एक दिवस, जाण्यायेण्याचे भाडे आणि कदाचित अर्जाची मुदतही जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील मजकुराचा विचार या थांब्यापासून सुरू व्हावयास हवा.

दुर्दैवाने तो बहुधा कार्यालयाच्या टेबलापासून सुरू होतो. पुढील धर्तीचा मजकूर आपण सर्वांनीच वाचला आहे, आणि प्रस्तुत लेखकाने तर शासकीय नोकरीत तो पुष्कळदा लिहिलाही आहे: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, देवघेव विभागाकडून निर्गमित ग्रंथ विहित मुदतीत प्रत्यार्पित न केल्यास नियमानुसार विलंब आकार देय राहील.’ यात चूक काहीच नाही; फक्त मुदत किती आणि आकार किती, हे मात्र कळत नाही. हीच सूचना अशी लिहिता येईल: ‘पुस्तक सात दिवसांत परत करा. उशीर झाल्यास दररोज एक रुपया दंड भरावा लागेल.’ (आकडे अर्थातच ज्या त्या ग्रंथालयाचे.) सोपे लिहिल्याने ग्रंथालयाची प्रतिष्ठा कमी होत नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हेच आहे.

सोपेपणापेक्षाही अवघड आहे ती एकवाक्यता. एकाच खोलीला एका पानावर ‘अभ्यासिका’, दुसऱ्यावर ‘वाचनकक्ष’ आणि तिसऱ्यावर ‘रीडिंग रूम’ म्हटले, तर नवख्या विद्यार्थ्यास त्या तीन खोल्या वाटतात. ‘दंड’, ‘विलंब शुल्क’ आणि ‘लेट फी’ यांचेही तसेच. विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेला एक शब्द निवडावा आणि सर्वत्र तोच ठेवावा. ग्रंथपाल, लिपिक आणि संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती या तिघांजवळ पानभर शब्दांची एकच यादी असली, तरी पुष्कळ काम होते.

मराठीत शोधाची अडचण आणखी वेगळी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचे. पण विभक्तीप्रत्यय लागला की ‘इस्लामपुरात’ असा ऱ्हस्व उकार येतो. दोन्ही रूपे शुद्ध, परंतु अक्षरास अक्षर जुळविणाऱ्या साध्या यंत्राला ती निरनिराळी. म्हणून पानाच्या शीर्षकात मूळ रूप अवश्य यावे. त्यातच इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. शोधणारा कोणते नाव टंकील, हे सांगता येत नाही. तेव्हा पत्त्याच्या पानावर दोन्ही नावे असणे सोयीचे. जुन्या ग्रंथांच्या नोंदीत मात्र प्रकाशनस्थळ ग्रंथावर छापलेले असेल तसेच ठेवावयाचे असते. ग्रंथपालांना हे नवे नाही. तालिकेच्या कार्डावरील ‘पहा’ ही सूचना याचसाठी होती.

शिक्का-सहीचा कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढविण्याची पद्धत सर्रास दिसते. ते कागदाचे केवळ चित्र असते. शोधयंत्रास ते सहसा वाचता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या मोबाईलमधील वाचक-प्रणालीलाही त्यातून काही उच्चारता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेल्या मजकुराचीही गत तीच. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द दहा ठिकाणी आले, तर ऐकणाऱ्यास दहाही दुवे सारखेच वाटतात. त्याऐवजी ‘दाखल्याचा अर्ज’, ‘मागील प्रश्नपत्रिका’ असे लिहावे. केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. महाविद्यालयांनीही ती चाळावीत.

राहिला प्रश्न मजकूर ताजा ठेवण्याचा. दिवाळीच्या सुटीतील वेळापत्रक उन्हाळ्यातही झळकत असेल, तर वाचक इतर पानांवरही विश्वास ठेवीत नाही आणि फोन करतो किंवा एस.टी. पकडतो. प्रत्येक पानाखाली ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख व जबाबदार पदाचे नाव असावे. व्यक्तीचे नको, बदल्या होतात.

हे सारे जमले की नाही, याची परीक्षा फुकट होते. प्रथम वर्षातील तीन विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल द्यावा आणि ‘शनिवारी ग्रंथालय किती वाजता बंद होते?’ एवढेच विचारावे. ते कोठे अडखळतात, हे ग्रंथपालाने शेजारी उभे राहून पाहावे. सांगू मात्र काही नये.