उतारवय आणि मोटारीचा परवाना

उधारीची मुदत केव्हा भरते, विम्याचा हप्ता कधीचा, दुकानाचा भाडेकरार केव्हा संपतो, या तारखा व्यापाऱ्यास तोंडपाठ असतात. परंतु खिशातला वाहनपरवाना कोणत्या दिवसापर्यंत चालतो, असे कोणी अचानक विचारल्यास आपल्यापैकी फार थोड्यांना नेमके उत्तर देता येईल.

आम्हीही त्यांतलेच. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आम्ही स्वतः मोटार चालवीत सूरतेहून सोनगड-नवापूरमार्गे धुळ्यास वसुलीसाठी गेलो. परतल्यावर चिरंजीवांनी परवाना पाहिला, तेव्हा त्याची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपली असल्याचे उघड झाले. मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते, या जुन्या समजुतीवर आम्ही निर्धास्त होतो. पण ती सवलत 2019 च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे. वाटेत काही घडले नाही, हा केवळ दैवाचा भाग.

म्हणून या विषयाची थोडी उजळणी येथे करीत आहोत. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. खाजगी वाहनाच्या परवान्याची मुदत आता वयानुसार ठरते. तिशीच्या आत परवाना घेतल्यास तो चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात घेतलेला वा नवा केलेला दहा वर्षे चालतो. पन्नास ते पंचावन्न या वयात केलेला साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षे. म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी नूतनीकरण करणाऱ्यास दहा वर्षे मिळतात, तर चौपन्नाव्या वर्षी करणाऱ्यास सहाच्या आसपास. जुन्या नियमाने मिळालेल्या परवान्यावर मात्र छापलेली तारीखच प्रमाण मानावी. कमाल वयाची अट कायद्यात नाही, हेही लक्षात ठेवावे.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले, की वाहन चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो. खानदेशातून येथे येऊन स्थायिक झालेल्या बंधूंनी मूळ गावीच जावे लागेल असे समजू नये. परवाना दुसऱ्या अधिकाऱ्याने दिलेला असला, तरी नूतनीकरण येथील अधिकारी करू शकतो व मूळ कार्यालयास तसे कळवितो.

चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्यासाठी ‘नमुना 1-अ’ असतो. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरील मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, कानाने नीट ऐकू येते काय, अशा प्रश्नांची उत्तरे डॉक्टर त्यात लिहितात. ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासताच सही घेणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. फसवणूक डॉक्टरांची होत नाही, सरकारचीही नव्हे. ती स्वतःचीच होते.

कारण वय गुपचूप काम करते. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, समोरच्या दिव्याने डोळे दिपतात, काळोखातून उजेडात आणि उजेडातून काळोखात आल्यावर दृष्टी स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाच्या किंवा आयंबिलाच्या दिवशी चाक हाती घेऊच नये. रक्तातील साखर उतरली, तर क्षणात भोवळ येते.

आता व्यवहाराची गोष्ट. मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाल्यास स्वतःच्या मोटारीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. जखमी इसमास न्यायालय बहुधा कंपनीकडून रक्कम देववते. पण मालकाने चालकाच्या परवान्याबाबत हयगय केल्याचे सिद्ध झाल्यास तीच रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. गाडी पेढीच्या नावे असेल, तर मालक पेढीच ठरते. तेव्हा मालाच्या टेंपोवरील चालकाच्या परवान्याची तारीखही वहीत नोंदवून ठेवावी.

वडिलांना ‘आता गाडी सोडा’ असे सांगणे कोणत्याही घरात अवघड असते. ज्या हाताने मुलास सायकल शिकविली, त्या हातातील किल्ली मागणे मुलास जड जाते, आणि ती देणे वडिलांस त्याहून जड. परदेशांतही हा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो. जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर स्मरण व आकलन यांची चाचणी घेतात, आणि वृद्धांना परवाना आपण होऊन परत करण्याची सोय 1998 पासून आहे. परत करणे हा तेथे कमीपणा मानीत नाहीत. आपणही मानू नये. आम्ही स्वतः तपासणी करून परवाना पाच वर्षांसाठी नवा केला आहे. मात्र रात्रीचा व पावसातला प्रवास सोडला आहे. पुढील मुदतीस काय करावयाचे, ते चिरंजीवांनी नव्हे, आमच्या डोळ्यांनी ठरवावे, असा घरात करार आहे.

पुढची भूमी नीट पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण आपण साधुसाध्वींच्या मुखातून ऐकत आलो आहोत. पायाला जो नियम, तोच चाकालाही. हा लेख वाचून संपताच प्रत्येक सभासदाने आपला परवाना बाहेर काढून तारीख पाहिली, तरी आमचा उद्देश सफल झाला.