बेर्गोन्झीचा दुसरा आरंभ



बाळा, सोबतची मुलं वरचे सूर लावून टाळ्या घेतात आणि सर तुला अजून मधल्या सुरांतच घोटून घेतात, ही तुझी तक्रार पोहोचली. उत्तरादाखल ऑपेरा-गायक कार्लो बेर्गोन्झीची हकिकत कळवतो.

इटलीत पार्म्याजवळ, ऑपेरा-रचनाकार व्हेर्दीच्या गावाला लागूनच असलेल्या विदालेन्झोत तो १९२४ साली जन्मला. वडील चीज बनवायचे. पोरानंही त्या कारखान्यात काम केलं. पार्म्याच्या शिक्षकांनी त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा, ठरवला. मध्येच महायुद्ध आलं आणि तो जर्मनांच्या छावणीत कैदी झाला. सुटल्यावर १९४८मध्ये लेच्चेला एका ऑपेरात फिगारोच्या भूमिकेत रंगमंचावर उभा राहिला. अर्थात बॅरिटोन म्हणून.

कामं मिळत होती. पण आपला गळा या जागेचा नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं. मग त्यानं गळा नव्यानं घडवायला घेतला. समोर गुरू नव्हता. कारूसो, जिल्यी, स्कीपा, पेर्तिले या टेनरांच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या गायकांच्या, ध्वनिमुद्रिका होत्या. एकाची नक्कल करत बसला नाही, प्रत्येकाकडून हवं तेवढंच उचललं. १९५१मध्ये बारीला 'आंद्रेआ शेनिए' या ऑपेरातून तो टेनर म्हणून लोकांसमोर आला. त्या वर्षी व्हेर्दीच्या मृत्यूला पन्नास वर्षं होत होती. इटालियन रेडिओनं व्हेर्दीचे ऑपेरे प्रसारित केले, त्यांत सहसा कुणी न गाणारे 'दोन फोस्कारी' आणि 'जोव्हान्ना दार्क'ही होते. दोन्हींत बेर्गोन्झी गायला. नशीब म्हण हवं तर. पण गळा तयार नसता तर नशिबानं काय केलं असतं?

आवाज फार मोठा नव्हता. अभिनय बेताचाच. देखणेपणात तर त्या काळच्या कोरेल्ली या टेनरपुढे तो उभाही राहिला नसता. मोठेपण होतं ते दमात आणि शब्दांत. व्हेर्दीच्या 'आयदा'तली राडामेसची आरिया, म्हणजे एकल गाणं, बघ. पडदा उघडून काही मिनिटंही झालेली नसतात, गळा तापलेला नसतो, आणि शेवटचा वरचा बी फ्लॅट अतिशय हळू, विरत जाणारा असावा असं व्हेर्दीनं लिहून ठेवलंय. बहुतेक टेनर तो खणखणीत लावून मोकळे होतात, कारण टाळी त्यालाच पडते. माझ्या मते ही पळवाट आहे. संगीत-संचालक कारायाननं १९५९मध्ये मुद्रित केलेल्या 'आयदा'त बेर्गोन्झीनं व्हेर्दीचं ऐकलं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये तो १९५६ ते १९८८ एवढा काळ गायला. व्हेर्दीच्याच ओथेल्लोची अवजड भूमिका मात्र रंगमंचावर कधी घेतली नाही. अखेर २०००मध्ये, पंचाहत्तरीत, कार्नेगी हॉलमध्ये ती मैफलीच्या रूपात गायला उभा राहिला. प्रेक्षकांत पाव्हारोत्ती, डोमिंगो, कारेरास हे नामवंत टेनर! दोन अंकांनंतर गळ्यानं साथ सोडली आणि उरलेलं दुसऱ्या गायकानं पुरं केलं. हसं झालं म्हणणारे होते. मला त्यातही त्याची हौस दिसते, पण ती पुरवायच्या आधी त्यानं गळा अर्धं शतक जपला होता, हे विसरू नकोस.

तर कारायानची ती 'आयदा' मिळवून ऐक, कोरेल्लीचीही ऐक आणि शेवटचा सूर कुणी कसा घेतलाय ते लिहून कळव. सरांना विचारल्याशिवाय कुठल्याही स्पर्धेत 'नेस्सून दोर्मा'सारख्या वरच्या सुरांच्या आरियाला हात लावू नकोस.